विश्लेषण : ट्रक-बसमध्ये ‘हवा’ उशिरा भरतेय? ब्रेक दगा देण्याआधीचा हा इशारा कसा ओळखायचा?

पहाटेची पहिली एसटी. प्रवासी बसलेत, सामान रॅकवर गेलंय, कंडक्टरने दार ओढून घेतलंय. इंजिन सुरू आहे, पण गाडी हलत नाही. मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘‘ड्रायव्हरसाहेब, निघायचं ना?’’ पुढून शांत उत्तर येतं, ‘‘थांबा जरा, हवा भरू द्या.’’

एसटीने प्रवास करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हा संवाद ऐकलेला असतो. ही हवा टायरची नसते, ब्रेकची असते. ती भरायला रोज लागणारा वेळ ठरलेला असेल तर काळजीचं कारण नाही. पण तीच गाडी, तेच इंजिन आणि रोज तीन मिनिटांत भरणारी हवा आज सात मिनिटं घेत असेल, तर ती गाडी काहीतरी सांगतेय. ते काय, ते कसं शोधायचं आणि घाट उतरण्याआधी हे का पाहायचं, हे समजून घेऊया.

एअर ब्रेकमध्ये हवा नेमकं काय करते?

कारमध्ये पायाचा जोर तेलामार्फत ब्रेकपर्यंत पोहोचतो. पंधरा-वीस टनांच्या गाडीला तेवढा जोर पुरत नाही. म्हणून मोठ्या ट्रक-बसमध्ये हे काम दाबलेली हवा करते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेकचं पेटंट घेतलं. रस्त्यावरच्या अवजड गाड्यांची यंत्रणा रेल्वेपेक्षा वेगळी असली, तरी दाबलेल्या हवेने ब्रेक चालवण्याची कल्पना तीच.

इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबतो. ही गरम हवा डिलिव्हरी पाइपमधून एअर ड्रायरकडे जाते, तिथे तिच्यातलं पाणी आणि तेलाचे कण काढले जातात. पुढे प्रोटेक्शन व्हॉल्व्ह ही हवा पुढच्या ब्रेकची टाकी, मागच्या ब्रेकची टाकी, पार्किंग ब्रेक आणि इतर उपकरणं अशी वाटून देतो. पेडल दाबलं की टाकीतली हवा चाकांजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते आणि ब्रेक लागतात.

ड्रायव्हर मंडळी दाब ‘किलो’मध्ये मोजतात. एक किलो म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा भार, साधारण १४ पीएसआय. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन किलो हवा असते. ट्रक-बसच्या ब्रेक टाकीत मॉडेलनुसार साधारण ८ ते १० किलो. २० लिटरच्या एका टाकीत ८ किलो दाब करायचा, तर बाहेरची सुमारे १६० लिटर हवा तिच्यात कोंबावी लागते. गाडीत अशा अनेक टाक्या असतात. त्यामुळे रिकाम्या यंत्रणेत हवा भरायला काही मिनिटं लागणारच.

किती वेळ लागला तर ठीक?

नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, कारण टाक्यांचा आणि कॉम्प्रेसरचा आकार प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा. अंदाजासाठी अमेरिकेतल्या ट्रकचालकांना शिकवली जाणारी एक कसोटी उपयोगी आहे : इंजिन कामाच्या वेगावर असताना दाब ८५ वरून १०० पीएसआयवर, म्हणजे साधारण ६ वरून ७ किलोवर, ४५ सेकंदांत जायला हवा. टाक्या मोठ्या असतील तर थोडा जास्त वेळ चालतो.

इथे ‘कामाच्या वेगावर’ हे शब्द महत्त्वाचे. कॉम्प्रेसर इंजिनच्या गतीने फिरतो. आयडलिंगवर हवा हळू भरणं स्वाभाविक आहे. म्हणून तुलना करायची ती नेहमी सारख्याच आरपीएमवर.

त्याहून सोपा मापदंड म्हणजे तुमची स्वतःची गाडी. गाडी धडधाकट असताना काटा ६ वरून ७ वर जायला किती सेकंद लागतात, ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजून डायरीत लिहून ठेवा. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. वेळ वाढत चालली, तर बझर वाजण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला कळलेलं असेल.

उशीर का होतो?

कारणांची यादी लांबलचक असली तरी ती तीनच प्रश्नांत बसते. हवा तयार होत नाही का? तयार होते, पण टाकीपर्यंत पोहोचत नाही का? की पोहोचते, पण टिकत नाही?

अनेकदा गाडी गॅरेजला गेली की थेट ‘कॉम्प्रेसर गेला’ असा निकाल लागतो. खर्च मोठा होतो आणि कधी कधी नवा कॉम्प्रेसर बसवूनही हवा उशिराच भरते, कारण दोष एखाद्या जोडाच्या गळतीत असतो. म्हणून तपासणी उलट्या क्रमाने करावी : आधी गळती, मग अडथळा आणि शेवटी कॉम्प्रेसर. गळती शोधायला लागतं ते घड्याळ, कान आणि साबणाचं पाणी.

त्याही आधी एक गोष्ट. डॅशबोर्डवरचा काटा खरं बोलतोय ना? शंका असेल तर टाकीच्या टेस्ट पॉइंटला दुसरा गेज लावून खात्री करावी. नाहीतर बिघाड काट्यात आणि दुरुस्ती ब्रेकची, असं होतं.

गळती कशी तपासायची?

१. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना पुढून-मागून उटी लावा.

२. हवा पूर्ण भरू द्या. दाब पूर्ण झाला की ड्रायरमधून एकदाच ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो दोष नाही, यंत्रणा भरल्याची खूण आहे.

३. इंजिन बंद करा, गेज दिसण्यासाठी चावी ऑन ठेवा. पार्किंग ब्रेक सोडा. पेडलला पाय लावू नका. आता काटा पाहा.

४. एकट्या गाडीसाठी (ट्रेलर नसताना) दर मिनिटाला २ पीएसआयपर्यंतची घट मान्य धरली जाते. आपल्याकडच्या किलोच्या गेजवर एवढा बारीक फरक दिसत नाही. म्हणून तीन मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात काटा अर्धा किलो उतरला, तर गळती आहे.

५. आता पेडल पूर्ण दाबून धरा. दाबताक्षणी काटा थोडा खाली येईल, तो मोजायचा नाही. त्यानंतर मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा जास्त घट नको.

पाय पेडलवर असताना दुसऱ्या माणसाने गाडीभोवती फिरून कान द्यावा. आवाज येईल तिथे साबणाचं पाणी लावावं, बुडबुडे जागा दाखवतात. मात्र उटी नसताना पार्किंग ब्रेक सोडून कुणालाही गाडीखाली पाठवू नका.

आवाज कुठून येतो, त्यावरून काय कळतं?

फक्त पेडल दाबल्यावर हवा सुटत असेल, तर संशय ब्रेक चेंबरचा डायफ्राम, चाकाकडे जाणारा होज पाइप किंवा फूट व्हॉल्व्हवर. हा दोष फसवा असतो. उभ्या गाडीत हवा पूर्ण भरते, काटा टिकतो, आणि घाटात ब्रेक लावला की हवा निसटू लागते.

पेडल न दाबताही हवा सुटत असेल, तर पाइपांचे जोड, टाकीखालचे ड्रेन व्हॉल्व्ह आणि पार्किंग ब्रेकची लाइन पाहावी.

फूट व्हॉल्व्ह किंवा रिले व्हॉल्व्हच्या तोंडातून हवा येत असेल, तर लगेच व्हॉल्व्ह बदलायला घेऊ नका. मागच्या चाकांच्या दुहेरी चेंबरमधलं सील खराब झालं की हवा उलटी फिरून एखाद्या चांगल्या व्हॉल्व्हच्या तोंडातून बाहेर पडते. व्हॉल्व्ह नवा येतो, गळती तशीच राहते. पार्किंग ब्रेक लावल्यावर गळती थांबत असेल आणि सोडल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर रोख चेंबरकडे वळवावा.

आणि दाब चढत असतानाच ड्रायरच्या खालच्या तोंडातून सतत हवा जात असेल, तर तिथला व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. कॉम्प्रेसर हवा बनवतोय आणि ती टाकीत जाण्याआधीच रस्त्यावर जातेय. अनेकदा आत कार्बन किंवा गंज अडकलेला असतो. साफसफाई किंवा किट बदलल्यावर काम होतं.

गळती नाही, तरी उशीर होतोय?

मग हवा बनण्यात किंवा पोहोचण्यात अडचण आहे. इथेही सोप्यापासून सुरुवात.

पहिलं, एअर फिल्टर आणि कॉम्प्रेसरकडे जाणारा पाइप. फिल्टर धुळीने भरला किंवा रबरी पाइप आतून चेपला, तर कॉम्प्रेसरला पुरेशी हवाच मिळत नाही. ऊस, वाळू, खडी वाहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं.

दुसरं, बेल्ट. कॉम्प्रेसर बेल्टवर फिरत असेल तर तो सैल झालाय का ते पाहा. गिअरवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला हा प्रश्न नसतो.

तिसरं, डिलिव्हरी पाइप. कॉम्प्रेसरमधून हवा तापून बाहेर पडते. तिच्यासोबत आलेलं तेल पाइपात जळतं आणि कार्बन साचतो. बाहेरून पाइप जाडजूड दिसतो, आतली वाट मात्र नळीएवढी उरलेली असते. यंत्रणेतली हवा काढून, पाइप थंड झाल्यावर तो खोलून आत डोकावणं हाच खात्रीचा मार्ग.

चौथं, ड्रायरचं कार्ट्रिज. तेल-पाण्याने ते भरून गेलं की हवेला वाट देत नाही.

पाचवं, गव्हर्नर किंवा अनलोडर. दाब पूर्ण झाला की कॉम्प्रेसरला विश्रांती देणं आणि दाब उतरला की पुन्हा कामाला लावणं, हे याचं काम. तो अर्धवट अडकला तर कॉम्प्रेसर फिरतो, पण हवा भरत नाही.

हे सगळं ठीक असेल, तरच कॉम्प्रेसर उघडायचा. झिजलेल्या रिंग, तुटलेले रीड व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट ही तिथली नेहमीची कारणं.

यात एक दुष्टचक्रही आहे. छोट्या गळतीमुळे कॉम्प्रेसरला विश्रांती मिळत नाही. तो तापतो, जास्त तेल फेकतो. तेलाचा कार्बन होतो, पाइप अरुंद होतो, कॉम्प्रेसर आणखी तापतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा एक जोड दुर्लक्षित राहिला की काही महिन्यांनी कॉम्प्रेसरचं बिल हातात येतं.

काटा एका ठिकाणी अडकून बसतो, त्याचं काय?

हवा भराभर चढते आणि ठरावीक आकड्यावर अडते, हे लक्षण वेगळं आहे. प्रोटेक्शन व्हॉल्व्ह प्रत्येक शाखा वेगळी सांभाळतो. एका शाखेत मोठी गळती असेल, तर बाकीच्या शाखांत ठरावीक दाब राखला जातो, पण त्यापुढे भरलेली हवा गळक्या शाखेतून निघून जाते. अशा वेळी ब्रेक सोडून इतर ठिकाणीही पाहावं : क्लच बूस्टर, एक्झॉस्ट ब्रेक, बसचं दार, एअर सस्पेन्शन. आणि बाहेरून बसवलेला हॉर्न. कर्कश आणि अनेक सुरांच्या हॉर्नवर मोटार वाहन नियमांनुसार बंदी आहेच. पण अनेक गाड्यांत त्याची नळी थेट ब्रेकच्या टाकीला छेद देऊन घेतलेली असते. कान फाडणारा तो आवाज ब्रेकच्या हवेवर चालतो.

टाकीतून पाणी निघतं, ते कशाचं?

हवेत बाष्प असतंच. हवा दाबून थंड झाली की त्याचं पाणी होतं. पावसाळ्यात कोकणात हे पाणी जास्त. टाकीखालचा ड्रेन उघडल्यावर ओलसर हवा किंवा थेंबभर पाणी आलं तर ठीक. धार लागली तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. काळं, चिकट तेल आलं तर कॉम्प्रेसरकडे लक्ष द्या. टाकीत पाणी साचलं की हवेची जागा कमी होते. अशी टाकी लवकर भरते आणि लवकर रिकामी होते. म्हणजे हवा नेहमीपेक्षा झटपट भरू लागली, तरी खूश होऊ नका. आधी टाकी ड्रेन करा.

घाटात हे का महागात पडतं?

सपाट रस्त्यावर ब्रेक अधूनमधून लागतो. मधल्या वेळात कॉम्प्रेसर खर्च झालेली हवा भरून काढतो. त्यामुळे अशक्त यंत्रणाही निभावून जाते. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना हिशेब बदलतो. प्रत्येक वेळी पेडल दाबून सोडलं की चेंबरमधली हवा बाहेर जाते. पुन्हा दाबलं की टाकीतून नवी हवा लागते. जमा कमी आणि खर्च जास्त झाला, की काटा उतरू लागतो.

इंजिन बंद केलं तर जमा शून्य. कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, हे डिझेल वाचवण्यासाठी उतारावर चावी फिरवणारे विसरतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर इंजिन आयडलिंगवर येतं, म्हणजे हवा भरण्याचा वेग सर्वात कमी. शिवाय इंजिनचा गाडीला रोखणारा जोर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली होती. सुरुवातीला ‘ब्रेक फेल’ची चर्चा झाली. नंतर मात्र चालक उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी चालवत होता, असं तपास यंत्रणांनी सांगितलं.

घाटातले सगळे अपघात हवेमुळे होत नाहीत, हेही खरं. सतत ब्रेक दाबल्याने ड्रम तापतात आणि टाकीत हवा भरपूर असूनही पकड कमी होते. स्लॅक अॅडजस्टर सैल असेल तर चेंबरचा रॉड जास्त बाहेर येतो, जोर कमी पडतो आणि दर वेळी हवाही जास्त लागते. म्हणून जुना नियम आजही लागू आहे : उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक. पेडल हा शेवटचा आधार.

हवा गेली तर ब्रेक आपोआप लागतात ना?

हो, पण यावर विसंबून राहणं धोक्याचं. स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाडीत पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवा त्याला मागे रोखून धरते. दाब फार उतरला की स्प्रिंग सुटते. अमेरिकी नियमावलीनुसार साधारण ६० पीएसआयच्या (सव्वाचार किलो) आसपास धोक्याची सूचना मिळते आणि स्प्रिंग ब्रेक २० ते ४५ पीएसआयच्या दरम्यान लागतात. या दोन टप्प्यांच्या मधला पट्टा सर्वात वाईट : पेडलचा जोर कमी झालेला आणि स्प्रिंग अजून पूर्ण सुटलेली नाही. त्यात स्प्रिंग सुटते तेव्हा ब्रेक हळू लावणं ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. ओल्या वळणावर चाकं अचानक जाम झाली तर गाडी आडवी होऊ शकते.

बझर वाजला तर एकच करायचं. दाब शिल्लक आहे तोवर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवायची. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ हा विचार नको.

कोणते जुगाड टाळायचे?

डायफ्राम फाटला की त्या चाकाची लाइन बंद करून गाडी पुढे नेणं. त्याने गळती थांबते, पण एका चाकाचा ब्रेक जातो आणि गाडी एका बाजूला ओढते. गव्हर्नरचा स्क्रू आवळून दाब वाढवणं. त्याने हवा लवकर भरत नाही, कॉम्प्रेसर मात्र जास्त वेळ तापतो. ड्रायर बायपास करणं. मग पाणी थेट व्हॉल्व्हपर्यंत जातं. आणि बझरची वायर काढणं. याबद्दल वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट तर अनुभवी माणसानेही सहज म्हणून करू नये. स्प्रिंग ब्रेकचा चेंबर खोलणं. आतली स्प्रिंग प्रचंड ताकदीने दाबलेली असते. क्लॅम्प सुटला तर ती समोरच्याचा जीव घेऊ शकते. तसंच टाकीतली हवा पूर्ण काढल्याशिवाय कोणताही पाइप सैल करू नये.

जबाबदारी कुणाची?

अनेक ठिकाणी संवाद असा होतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘‘शेठ, हवा उशिरा भरतेय.’’ शेठ विचारतात, ‘‘भरते ना? मग ही ट्रिप मारून ये.’’ ट्रिप बुडाली तर भाडं बुडतं, म्हणून दोघंही गप्प बसतात.

कायदा मात्र दोघांकडेही पाहतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १९० नुसार, माहीत असलेला किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असताना वाहन चालवणारा तर दोषी ठरतोच, पण ते चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी ठरतो. त्यामुळे ड्रायव्हरने तक्रार तोंडी न सांगता तारीख आणि सेकंदांसह व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवावी. ‘हवा उशिरा भरते’ हे कानाआड करता येतं. ‘मागच्या महिन्यात ६ ते ७ किलोला ४० सेकंद, आज ९५ सेकंद’ हे कानाआड करणं अवघड जातं.

फिटनेस प्रमाणपत्रावरही सगळं सोडून चालत नाही. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी करावी लागते. डायफ्राम त्या तारखेची वाट पाहत नाही.

थोडक्यात

रोज निघण्याआधी टाक्या ड्रेन करा, हवा भरण्याचे सेकंद मोजा, इंजिन बंद करून तीन मिनिटं काटा पाहा. वेळ वाढली तर आधी गळती, मग फिल्टर, पाइप आणि ड्रायर, शेवटी कॉम्प्रेसर. काटा पूर्ण चढल्याशिवाय गाडी हलवू नका आणि उतारावर इंजिन बंद करू नका.

आणि तुम्ही प्रवासी असाल, तर पुढच्या वेळी ड्रायव्हर ‘हवा भरू द्या’ म्हणाला की घाई करू नका. ती दोन-तीन मिनिटं तुमच्यासाठीच आहेत.